सस्पेन्स खाते

पुस्तकाचे नाव वाचल्यावर पुस्तक वाचायची गरजच उरू नये, अशी सोय मराठी लेखकांनी वाचकांसाठी कधी केली नाही. आपल्याकडे नाव म्हणजे दोन शब्द, फार तर तीन. पुस्तक संपले तरी त्या नावाचा आतल्या मजकुराशी संबंध काय, हे कळेलच असे नाही. जपानी लेखक या बाबतीत अधिक प्रामाणिक दिसतात. गेल्या दिवाळीत आमच्या कन्येच्या उशाशी मला जे पुस्तक सापडले, त्याचे नाव मराठीत सांगायचे तर असे होते : ‘सातव्या फेरीतली खलनायिका पूर्वीच्या शत्रुराष्ट्रात मनसोक्त वधूजीवन उपभोगते’. हे कादंबरीचे नाव की आमच्या हेड ऑफिसचे परिपत्रक, असा मला क्षणभर प्रश्न पडला. आमचे हेड ऑफिसही ‘विषय’ म्हणून एवढेच लांब लिहिते. फरक इतकाच, की त्याखाली वाचण्यासारखे काही नसते.

मी ते चाळायला घेतले ते केवळ बापाचे कर्तव्य म्हणून. मुलगी काय वाचते हे बापाला ठाऊक असले पाहिजे, असे हिचे मत आहे. (बाप काय वाचतो हे मुलीला ठाऊक असले पाहिजे, असे अजून कुणाचे मत नाही, हे माझे नशीब.) रात्री दहाला उघडलेले पुस्तक मी दोनला मिटले, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका सभ्य गृहस्थांना “आपण मागच्या फेरीत आला होता ना?” असे विचारून बसलो. तेव्हापासून या जातीच्या पाच-सहा गोष्टी मी वाचल्या, दोन पडद्यावर पाहिल्या. आता माझी अवस्था अशी आहे, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि शाखेत सांगायची सोय नाही.

तर आधी ही खलनायिका काय प्रकरण आहे ते सांगतो. जपानीत तिला ‘आकुयाकु रेइजो’ म्हणतात. म्हणजे खलभूमिकेतली बड्या घरची कन्या. सर्वसाधारण प्रेमकथेत एक गरीब, सालस नायिका असते, तिच्यावर भाळलेला राजपुत्र असतो, आणि त्या राजपुत्राशी आधीच लग्न ठरलेली, नाकाचा शेंडा कायम वर असलेली एक सरदारकन्या असते. मग एके रात्री, भर मेजवानीत, राजपुत्र या कन्येकडे बोट दाखवून गरजतो, “आपले ठरलेले लग्न आजपासून मोडले!” आपल्याकडे ठरलेले लग्न मोडायचे झाले तर मध्यस्थाला पाठवतात, आणि तोही चहाचा कप संपवून, दबक्या आवाजात “पत्रिकेत जरा...” असे म्हणतो. तिकडे बँड थांबवून जाहीर करतात.

ही गोष्ट त्या झिडकारलेल्या कन्येच्या बाजूने सांगायची, अशी टूम जपानमध्ये निघाली. २००४ साली तिकडे एक संकेतस्थळ सुरू झाले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘कादंबरीकार होऊ या’. हौशी मंडळी तिथे एकामागून एक प्रकरणे लिहितात. लोकांना रुचले की त्याचे पुस्तक निघते, पुस्तक चालले की चित्रकथा, चित्रकथा चालली की चित्रमालिका. (पुण्यात असे आवाहन करायची गरज नाही. तिथे ‘वाचक होऊ या’ असे संकेतस्थळ काढायची वेळ आली आहे.)

या खलनायिकांच्या घराण्यात एक पोटशाखा आहे, ती फेऱ्यात सापडलेल्यांची. यातली नायिका मरते, आणि डोळे उघडते तो काळ मागे गेलेला. तीच मेजवानी, तोच राजपुत्र, तेच बोट. तिला मागचे सगळे आठवते. बाकी कुणाला काहीही आठवत नाही. आणि मग तिची गाठ पडते ती, ज्याने मागच्या खेपेला तिचा जीव घेतला, त्याच माणसाशी.

आता इथे तुम्ही-आम्ही काय अपेक्षा करू? आपण हिंदी सिनेमावर वाढलेली माणसे. आपल्याकडे मागचा जन्म आठवतो तो सूड घेण्यासाठी. १९८० च्या ‘कर्ज’मध्ये नायकाला पूर्वजन्मीचा खून आठवतो आणि उरलेला सिनेमा तो त्या हिशेबाची वसुली करण्यात घालवतो. १९५८ च्या ‘मधुमती’तला पूर्वजन्मही अन्यायानेच संपतो. नुसताच जन्म आठवून चहा प्यायला कोण बसतो? पण या जपानी मुली भलत्याच. त्या आपल्या मारेकऱ्याशी लग्न करतात.

‘सातव्या फेरी’चेच घ्या. तोको आमेकावा या लेखिकेची ही मालिका २०२० पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिची चित्रमालिका झाली. नायिका रिशे. पंधराव्या वर्षी लग्न मोडते, विसाव्या वर्षी मरण येते, आणि पुन्हा पंधराव्या वर्षाची ती रात्र. असे सहा वेळा. पण पोरगी रडत बसत नाही. पहिल्या खेपेला व्यापारी होते, मग औषधे करणारी, मग विद्वान, मग मोलकरीण, मग शिकारी, आणि सहाव्या खेपेला पुरुषवेशात चक्क शिलेदार. माझ्याही सहा बदल्या झाल्या, पण प्रत्येक ठिकाणी मी कारकूनच होतो. त्यातून गणित मांडले तर पंधरा आणि सहा पंचे तीस, म्हणजे ही मुलगी आतून पंचेचाळीस वर्षांची. माझ्याच वयाची! तिचे ध्येय काय, तर या खेपेला जास्त जगायचे आणि आराम करायचा. हे वाचून मला ती एकदम घरची वाटू लागली.

सहाव्या जन्मात तिला ठार मारतो तो अर्नोल्ड हाइन. तेव्हा तो बापाला मारून सम्राट झालेला असतो आणि सगळ्या जगाला युद्धात लोटत असतो. सातव्या खेपेला रिशे घाईघाईने राजवाड्यातून निघते आणि नेमकी याच्यावर जाऊन आदळते. तो अजून युवराज आहे, युद्ध अजून व्हायचे आहे, आणि त्याने तिला उभ्या आयुष्यात पाहिलेलेही नाही. तो तिला मागणी घालतो. ती विचार करते, अटी घालते, आणि हो म्हणते. याच्या घरात राहिल्याशिवाय हा माणूस पुढे तसा का होणार आहे, ते कळायचे नाही!

इथे माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका मठवाश्याने आपल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत छापली, आणि तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या संध्याकाळी वाया जाऊ लागल्या. पद्धत सोपी आहे. एकाच्या नावे पडले तर दुसऱ्याच्या जमेला पडलेच पाहिजे. आता रिशेच्या वहीत अर्नोल्डच्या नावे एक खून पडलेला आहे. त्याच्या वहीत मात्र पान कोरे. ही एकेरी नोंद. ती त्याला माफ करणार म्हणजे काय करणार? ज्याने तलवार चालवली तो सहाव्या फेरीबरोबर नाहीसा झाला. समोर उभा आहे त्याने काही केलेलेच नाही. न घेतलेले कर्ज माफ करण्यासारखे हे झाले. सरकारला जमेल, पण आम्हाला नोंद कुठे घालायची ते सांगा.

अशा वेळी बँकेत आम्ही काय करतो? ताळा जुळला नाही, रक्कम कुणाची ते कळेना, की ती सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. हे नाव ऐकून लोकांना रहस्यकथा आठवते. तसे त्यात काही नसते. ज्या रकमेला अजून घर मिळालेले नाही, तिची ती धर्मशाळा. नियम असा, की तिथला मुक्काम लवकरात लवकर हलवायचा. प्रत्यक्षात काही रकमा तिथे अशा रुजतात, की नवा मॅनेजर आला की त्याची आणि त्यांची ओळख करून द्यावी लागते. रिशेच्या मनातला तो खून असाच सस्पेन्स खात्यात पडून आहे, असे मी समजतो.

या गोष्टींची खरी ताकद इथे आहे, असे माझे मत झाले. एरवी आपण शत्रूला माफ करायला तयार असतो, पण आधी त्याने कबूल करावे, मान खाली घालावी, जमल्यास चारचौघांत घालावी, अशी आपली अट असते. त्याची कबुली हेच आपले व्याज. रिशेला हे व्याज कधीच मिळणार नाही. त्याला आठवतच नाही, तर तो कबूल काय करणार? मग तिच्या हाती एकच उरते. हा माणूस तसा का होतो, याचा शोध घ्यायचा. वाड्यातल्या नवशिक्या दासींना ती शिकवते, औषधी झाडे लावते, त्याच्या भावाशी ओळख करून घेते, आणि हे सगळे करता करता त्याच्याकडे बघत राहते. आपण आपल्या शत्रूकडे इतके लक्षपूर्वक कधी बघत नाही. आपण त्याला एकदाच बघितलेले असते, त्याने वाईट केले त्या दिवशी, आणि मग तोच फोटो जन्मभर भिंतीवर लावलेला असतो.

पण समीक्षकाने नुसती स्तुती करू नये, दोष काढल्याशिवाय समीक्षा भारदस्त होत नाही. पहिला दोष असा, की शत्रू फार देखणा आहे. उंच, काळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा युवराज, वर तिच्यावर जीव टाकणारा! असा शत्रू कुणीही माफ करील. माझ्या माहितीतल्या शत्रूंची दाढी दोन दिवसांची असते, खिशावर शाईचा डाग असतो, आणि डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास ते बोलायच्या आधी पोचतो. अशाला माफ करून दाखवणारी कादंबरी कुणी लिहिली तर मी पहिली प्रत विकत घेईन.

दुसरा दोष अधिक गंभीर. रिशेला राग येत नाही. सहा मरणे पचवून बाई ढेकर देत नाही. मारेकऱ्यापुढे बसून जेवताना एकदाही घास अडकत नाही म्हणजे काय? मी पंचेचाळिशीत आहे, मला ठाऊक आहे. माणसाला एवढे शहाणपण वयाने येत नाही, थकव्याने येते. आणि रिशे तर थकतही नाही.

म्हणून मला त्याहून आवडली ती मिया. नोझोमु मोचित्सुकी यांच्या ‘तिअरमून साम्राज्य’ मालिकेतली ही राजकन्या. तिची चित्रमालिका २०२३ च्या ऑक्टोबरात आली. मियाला राज्यक्रांतीत पकडतात, तळघरात डांबतात, आणि विसाव्या वर्षी गिलोटीनखाली तिचे मुंडके उडते. डोळे उघडते तो वय वर्षे बारा, आणि उशाशी मागच्या जन्मातली रोजनिशी, रक्ताने माखलेली. ही मुलगी रिशेसारखी गुणी नाही. भित्री, खादाड, आळशी, आणि मनात सगळ्यांचे उणेदुणे तारीखवार जपून ठेवणारी. थोडक्यात, अगदी आपल्यातली.

तिच्या शत्रूंत तियोना नावाची एक गरीब सरदारकन्या आहे, जिने मागच्या खेपेला क्रांतीचे पुढारीपण केले. शाळेत तिच्यापासून चार हात लांब राहायचे, असे मिया ठरवते. पण उद्दाम घरच्यांचे नोकर तियोनाला कोंडून ठेवतात, आणि मिया तिला सोडवायला जाते. काही ती देवमाणूस म्हणून नव्हे. प्रकरण आपल्या मानेवर येईल, आणि मान हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. तसाच लुडविग नावाचा एक तरुण अधिकारी. मागच्या जन्मात खजिन्याचा खडखडाट पाहून हा तिला टोचून टोचून बोलायचा. ती आता त्याचेच शब्द पाठ करून त्यालाच ऐकवते, आणि तो बिचारा थक्क होतो, की एवढ्याशा मुलीला अर्थशास्त्राची केवढी ही समज! (हे वाचून मला आमच्या विभागीय बैठका आठवल्या. आपले मुद्दे साहेबांच्या तोंडून ऐकून थक्क होणे हे आमचेही काम आहे.)

आमच्याकडे कर्ज ‘राइट ऑफ’ करणे आणि कर्ज माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना सांगून सांगून मी दमलो. राइट ऑफ केले म्हणजे ताळेबंदातून काढले, बाकी हक्क शाबूत आणि वसुली चालू. मिया प्रथम सगळ्यांना राइट ऑफ करते. तोंडाने हसते, मनातल्या वहीत नावे कायम. पण रोज भेटायचे, रोज हसायचे, अडचणीला धावायचे, यातून एके दिवशी तिच्या लक्षात येते, की वसुलीची आठवणच राहिली नाही. तियोना तिला आवडू लागली आहे. माफी ही एका रात्री, व्हायोलिनच्या सुरांवर होत नसते. ती अशी सवयीने होते, आणि झाल्यावर कळते. भित्र्या माणसालासुद्धा होते. यासाठी मी मियाला रिशेच्या वर जागा देतो.

हे सगळे मी एवढ्या तावातावाने का सांगतो आहे, असे तुमच्या मनात आले असेल. हिच्याही मनात आले होते. “तुम्हाला कुणाला माफ करायचंय?” असे तिने एकदम विचारले, आणि मी वर्तमानपत्र वर धरले.

२०११ ची गोष्ट. मी कॅशवर होतो. एका संध्याकाळी शंभराच्या नोटांची एक गड्डी कमी आली. दहा हजार रुपये. तिजोरीची दुसरी किल्ली ज्या साहेबांकडे होती, ते सगळ्या स्टाफसमोर मला म्हणाले, “कुठे ठेवलेत ते आत्ताच सांगा, म्हणजे वाढायला नको.” मी पैसे भरले. वर मेमो घेतला. चौथ्या दिवशी फाटक्या नोटांच्या पेटीत गड्डी निघाली. ती तिथे साहेबांनीच ठेवली होती. मला वाटले, आता सगळ्यांसमोर काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “सापडली ना? मग झालं.” पैसे परत मिळाले. मेमो फाइलीतच राहिला, आणि त्या वर्षी प्रमोशनच्या मुलाखतीत त्याच्यावर दहा मिनिटे चर्चा झाली. साहेबांना काय सुनवायचे, याचा मसुदा मी पुढची कित्येक वर्षे सुधारत होतो. फार सुरेख झाला होता. त्यात एक संस्कृत वचनही होते.

साहेब निवृत्त झाले. आणि दोन वर्षांपूर्वी ते माझ्याच काउंटरवर आले, हातात पासबुक, शेजारी वहिनी. माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. “नवीन आलात का इथे?” मला वाटले, खवचटपणा. पण वहिनींनी मागून हलकेच मान हलवली. पुढच्या महिन्यात पुन्हा, “नवीन आलात का?” त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. एकदा तर माझा हात धरून म्हणाले, “तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं आमच्या वेळी पाहिजे होती हो!” मसुदा माझ्या खिशात होता. तो कुणाला ऐकवायचा? ज्याने मेमो दिला तो माणूस केव्हाच निघून गेला होता. त्याच्या वहीचे पान कोरे. आणि मी रिशे! फक्त समोर युवराज नव्हता.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आले तेव्हा साहेब बाकावर बसले होते आणि वहिनी फॉर्म भरत होत्या. भरता भरता म्हणाल्या, “हल्ली रात्री उठून कॅलेंडरची पानं मोजत बसतात. एक गड्डी कमी आहे म्हणतात. झोपतच नाहीत.”

ती गड्डी माझी असेलच, असे मी म्हणत नाही. जन्मभर कॅश सांभाळलेल्या माणसाला स्वप्नात काहीतरी कमी येणारच. मलाही येते. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा मला वाटले, की त्यांच्याही वहीत कुठेतरी काहीतरी लिहिलेले होते, फक्त ते पान मी पाहिले नव्हते. मी काउंटर सोडून बाहेर आलो आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

“साहेब, ती गड्डी सापडली. फाटक्या नोटांच्या पेटीत होती.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग चेहरा असा मोकळा झाला म्हणता!

“सापडली ना?” ते म्हणाले. “मग झालं.”

तेच शब्द. २०११ साली त्यांनी माझे वर्ष खराब केले होते, आणि आता ऐकताना मला आपले बरे वाटत होते. हे राइट ऑफ झाले की माफी, ते मला ठरवता आलेले नाही. ऑडिटर विचारील तेव्हा बघू. मसुदा मात्र घरी आल्यावर फाडून टाकला. संस्कृत वचन तेवढे लक्षात आहे, कुणाला हवे असल्यास सांगेन.

पुढच्या महिन्यात साहेब पुन्हा आले. पासबुक पुढे केले आणि प्रसन्न हसले.

“नवीन दिसता.”

“हो साहेब,” मी म्हणालो, “कालच हजर झालो.”